सोलापूरच्या उन्हाळ्यात सिलिकॉनचे डोपिंग मोजताना

हातात आलेला सिलिकॉनचा तुकडा एन-प्रकारचा (ऋण इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा) आहे की पी-प्रकारचा (धन वाहकांनी ती वाहणारा), आणि त्यात अशुद्धीचे अणू किती मिसळले आहेत, म्हणजेच त्याचे डोपिंग किती, हे ठरवण्यासाठी मोठ्या संशोधन संस्थेतील महागडी यंत्रेच लागतात, असा समज पदवीच्या वर्गांत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात एक बऱ्यापैकी मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न, एक स्क्रू गेज आणि बहुतेक महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागात असणारा चार टोकांचा संच एवढ्या सामग्रीवर हे काम एका दुपारी होऊ शकते. सोलापुरात हे काम करणाऱ्याला मात्र एक जादा पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे प्रत्येक वाचनाशेजारी खोलीचे तापमान लिहिण्याचे. डिसेंबरातील सकाळी प्रयोगशाळेत अठरा-वीस अंश असतात, एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत तेच अडतीस-चाळीसवर जातात, आणि तेवढ्या फरकात त्याच तुकड्याची रोधकता साधारण १५ टक्क्यांनी बदलते. ‘मागच्या सत्रात याच तुकड्याची किंमत वेगळी आली होती’ ही तक्रार ऐकू आली की आधी उपकरण उघडू नये. आधी त्या दिवशीचे तापमान किती होते ते पाहावे.

मोजायला बसण्यापूर्वी

काही आकडे मनाशी पक्के असावेत, कारण उत्तर चुकले आहे हे कळण्याचा तोच मार्ग असतो. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४, त्याच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन, आणि स्फटिकात प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंशी बंधाने जोडलेला. एका घन सेंटिमीटरमध्ये असे ५ × १०^२२ अणू असतात (१०^२२ म्हणजे एकावर बावीस शून्ये, पुढेही हीच लेखनपद्धत वापरली आहे). बंधातील इलेक्ट्रॉनांचा संयुजा पट्टा आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा वहन पट्टा यांच्यातील अंतर, म्हणजेच बँड गॅप, ३०० केल्विनला १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. या तापमानाला उष्णतेमुळे काही मोजके बंध तुटतात आणि दर घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १०^१० इलेक्ट्रॉन व तेवढेच होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने बंधात उरलेल्या, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा) तयार राहतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा १.५ × १०^१० असा छापलेला आढळतो. नंतरच्या काटेकोर मापनांनी तो १०^१० च्या जवळ आणला आहे. परीक्षेत आपल्या पुस्तकातला आकडा लिहावा, प्रयोगवहीत नवा वापरावा; दोन्हीकडे कोणता वापरला हे मात्र नोंदवावे.

शुद्ध सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांची मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात वाहक किती चपळपणे सरकतो याचे माप) सुमारे १४०० आणि होलची सुमारे ४५० चौरस सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद धरली, तर रोधकता ३ लाख ओहम-सेंमीच्या वर जाते. आता त्यात बोरॉनचे १०^१६ अणू प्रति घन सेंमी मिसळले, की हीच रोधकता सुमारे दीड ओहम-सेंमीवर उतरते. ही अशुद्धी प्रमाणाने किती, तर ५० लाख सिलिकॉन अणूंमागे एक अणू. सोलापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या सुमारे ४३ लाख होती. म्हणजे सांगोल्यापासून अक्कलकोटपर्यंत आणि करमाळ्यापासून मंगळवेढ्यापर्यंत सबंध जिल्ह्यात मिळून एक माणूसही पुरता भरत नाही, इतके हे प्रमाण विरळ आहे. तरीही रोधकता दोन लाख पटींहून अधिक घसरते. याचे कारण असे, की तुलना सिलिकॉनच्या अणूंशी करायची नसून मुळात मोकळ्या असलेल्या वाहकांशी करायची असते. मोकळे वाहक १०^१० होते आणि आता ते १०^१६ झाले, म्हणजे दहा लाख पट वाढले.

येथे एक शंका हुशार विद्यार्थ्यांना हमखास येते आणि ती रास्त आहे. चार बंधांत न गुंतलेला, फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन आपल्या अणूपासून सुटण्यासाठी सुमारे ४५ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मागतो. बाह्य कक्षेत तीनच इलेक्ट्रॉन असलेल्या बोरॉनच्या होलचीही तेवढीच मागणी असते. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा मात्र जेमतेम २६ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट. मग सगळे अणू आयनित झाले, असे आपण कोणत्या भरवशावर धरतो? उत्तर ऊर्जेत नाही, जागांच्या संख्येत आहे. सुटलेल्या इलेक्ट्रॉनाला वहन पट्ट्यात दर घन सेंमीमागे सुमारे २.८ × १०^१९ प्रभावी जागा उपलब्ध असतात, तर परत अणूजवळ बसायला फक्त १०^१६. पुष्कळ जागा बाहेर आणि अगदी थोड्या आत असल्यामुळे इलेक्ट्रॉन जवळजवळ कायम बाहेरच सापडतो. म्हणून खोलीच्या तापमानाला एन-प्रकारात वाहकांची संख्या फॉस्फरसच्या अणूंइतकी आणि पी-प्रकारात बोरॉनच्या अणूंइतकी धरणे योग्य ठरते. हे गृहीत इंडियमच्या बाबतीत मात्र चालत नाही, कारण त्याची पातळी सुमारे १६० मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल आहे. इंडियम बोरॉनशी फारशी स्पर्धा करू शकले नाही, त्यामागे हे एक कारण आहे.

तुकडा हातात घेतल्यावर

चकती अखंड असेल, तर मीटर लावण्यापूर्वी तिची कड पाहावी. १०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या चकत्यांच्या कडेला एक मोठी सपाट बाजू कापलेली असते आणि बहुधा एक छोटीही असते. छोटी सपाट बाजू मुळीच नसेल, तर चकती (१११) दिशेची व पी-प्रकारची (कंसातील आकडे चकती स्फटिकाच्या कोणत्या प्रतलाला समांतर कापली आहे ते सांगतात). ती मोठ्या बाजूशी ४५ अंशांवर असेल तर (१११) व एन-प्रकारची. ९० अंशांवर असेल तर (१००) व पी-प्रकारची. आणि बरोबर समोर, म्हणजे १८० अंशांवर असेल, तर (१००) व एन-प्रकारची. आजच्या मोठ्या चकत्यांवर केवळ एक खाच असते, तिच्यावरून प्रकार कळत नाही. महाविद्यालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षे जपलेल्या चकत्या मात्र बहुतेक जुन्याच असतात, म्हणून ही खूण उपयोगी पडते.

पृष्ठभाग निळा, जांभळा किंवा हिरवट दिसत असेल, तर त्यावर ऑक्साइडचा किंवा नायट्राइडचा थर आहे असे समजावे. तो थर विद्युतरोधक असल्यामुळे त्यावर टोके टेकवून काहीही मिळणार नाही. उद्योगात ऑक्साइडचा थर हायड्रोफ्लुओरिक आम्लाने काढतात, पण हे आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते. योग्य सोयी व प्रशिक्षण नसलेल्या प्रयोगशाळेत त्याची बाटलीसुद्धा नसावी. आपल्या कामापुरते, तुकड्याची मागची, न चकाकणारी बाजू वापरावी किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने कोपरा घासून घ्यावा, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्यावा. सोलर सेलचा तुटलेला तुकडा या कामाला घेऊ नये. त्यात वरचा थर एका प्रकारचा आणि खालचा दुसऱ्या प्रकारचा असतो. शिवाय वर चांदीच्या रेषा आणि मागे धातूचा लेप. मीटर काहीतरी दाखवतो, पण ते नेमके कशाचे, हे सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकावीशी वाटते. मल्टिमीटर ओहमवर लावून त्याची दोन टोके थेट चकतीवर टेकवू नयेत. लाखो ओहम दिसतात आणि विद्यार्थी वहीत ‘शुद्ध अर्धवाहक’ असे लिहून मोकळा होतो. ते लाखो ओहम सिलिकॉनचे नसून धातूचे टोक व सिलिकॉन यांच्या संपर्कबिंदूचे असतात, कारण तेथे एक छोटा डायोडच तयार झालेला असतो.

गरम टोकाची चाचणी

प्रकार ठरवण्यासाठी मीटर डीसी २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर लावावा. काळी वायर नेहमीच्या थंड टोकाला असू द्यावी आणि लाल वायर सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला क्रोकोडाइल क्लिपने जोडावी. आयर्नचे टोक कथील व फ्लक्सपासून स्वच्छ असले पाहिजे. आयर्न तापले की त्याचा प्लग सॉकेटमधून काढावा, नुसते बटण बंद करू नये. अर्थिंग सदोष असेल तर आयर्नच्या टोकावर येणारा गळतीचा विद्युतदाब वाचन बिघडवतोच, शिवाय तो मीटरला आणि माणसालाही बरा नाही. त्यानंतर ते काही मिनिटे निवू द्यावे. टोक ६० ते ८० अंशांच्या आसपास आले की दोन्ही टोके चकतीवर सेंटिमीटरभर अंतरावर दाबून धरावीत आणि मीटरवरचे चिन्ह पाहावे.

वाचन धन आले तर सिलिकॉन एन-प्रकारचे, ऋण आले तर पी-प्रकारचे. असे होण्याचे कारण सरळ आहे. गरम टोकाजवळचे वाहक अधिक वेगवान असल्यामुळे ते थंड भागाकडे पसरतात. वाहक इलेक्ट्रॉन असतील तर त्यांच्या जाण्याने गरम भागात आयनित फॉस्फरसचा धन प्रभार उघडा पडतो. वाहक होल असतील तर गरम भाग ऋण होतो. वाचन काही मिलिव्होल्टपासून काही दशक मिलिव्होल्टपर्यंत येऊ शकते. आकड्याला येथे महत्त्व नाही, चिन्हाला आहे. वायरी उलट लागल्या असतील तर निष्कर्षही उलट लागेल, म्हणून ज्याचा प्रकार आधीच ठाऊक आहे असा एखादा तुकडा हाताशी ठेवून तो प्रथम तपासावा.

आयर्न तीनशे अंशांवर असतानाच टेकवण्याची घाई करणारे असतात. तसे केल्यास टोकाखालच्या सिलिकॉनमध्ये उष्णतेने इतके इलेक्ट्रॉन-होल तयार होतात, की मिसळलेल्या अशुद्धीचा ठसाच पुसला जातो. त्या अवस्थेत इलेक्ट्रॉन होलपेक्षा सुमारे तिप्पट चपळ असल्यामुळे मीटर जवळजवळ नेहमी ‘एन’ म्हणतो. हलके डोपिंग असलेला पी-प्रकारचा तुकडा या पायी एन ठरतो. बँड गॅप कमी असलेल्या जर्मेनियममध्ये हा घोटाळा सिलिकॉनपेक्षा कितीतरी लवकर होतो.

चार टोकांची पद्धत

प्रकार कळला की रोधकतेकडे वळावे. चार टोकांच्या संचात एका ओळीत समान अंतरावर चार स्प्रिंगची टोके असतात. बाहेरच्या दोन टोकांतून ठरावीक विद्युतधारा सोडायची आणि आतल्या दोन टोकांमधील विद्युतदाब मोजायचा. आतल्या टोकांतून मीटर जवळजवळ धाराच घेत नाही, म्हणून तेथील संपर्काचा रोध कितीही असला तरी तो वाचनात शिरत नाही. वर सांगितलेला लाखो ओहमांचा घोटाळा येथे टळतो तो असा.

टोकांमधील अंतर २ मिलिमीटर आणि चकतीची जाडी त्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर पुढील सूत्र वापरावे:

रोधकता = ४.५३२ × जाडी × (विद्युतदाब ÷ विद्युतधारा)

यातील ४.५३२ हा आकडा म्हणजे पाय (π) भागिले दोनचा नैसर्गिक लॉगरिदम. टोकांच्या अंतराचा सूत्रात उल्लेख नाही, याने गोंधळून जाऊ नये. पातळ आणि विस्तीर्ण चकतीत ते खरोखरच रद्द होते. ‘विस्तीर्ण’ ही अट मात्र विसरू नये. चकती फुटून हाती जेमतेम २० मिलिमीटर रुंदीचा गोल तुकडा उरला असेल, म्हणजे रुंदी टोकांच्या अंतराच्या दसपट असेल, तर ४.५३२ च्या जागी सुमारे ४.१७ घ्यावे लागते, तेही टोके बरोबर मध्यभागी ठेवल्यास. कडेजवळ घेतलेले वाचन रोधकता जादा दाखवते.

एक उदाहरण पुरते करून पाहू. १०० मिलिमीटरच्या चकतीची प्रमाणित जाडी ५२५ मायक्रॉन, म्हणजे ०.०५२५ सेंमी. ती मानून न घेता स्क्रू गेजने चार ठिकाणी मोजावी. गेजच्या रॅचेटचा आवाज आला की थांबावे, कारण सिलिकॉन काचेसारखे तडकते. खोली २३ अंशांवर आहे, धारा १ मिलिअँपिअर आहे आणि आतल्या टोकांवर ६.३ मिलिव्होल्ट दिसले. तर विद्युतदाब भागिले धारा ६.३ ओहम आणि रोधकता ४.५३२ × ०.०५२५ × ६.३, म्हणजे १.५० ओहम-सेंमी.

वाचन वहीत उतरवण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात. धारेची दिशा उलटी करावी आणि दोन्ही वाचनांची सरासरी घ्यावी. टोकांवरील औष्णिक विद्युतदाबाची चूक त्यामुळे निघून जाते. धारा दुप्पट करून विद्युतदाब दुप्पट होतो का ते पाहावे. होत नसेल तर एकतर तुकडा तापतो आहे किंवा टोके नीट टेकलेली नाहीत. आणि खिडकीचा पडदा ओढून वाचन बदलते का तेही पाहावे, कारण १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचा प्रकाश सिलिकॉनमध्ये जादा वाहक निर्माण करतो आणि सगळा दृश्य प्रकाश या मर्यादेच्या वरच असतो. दक्षिणेकडच्या खिडकीतून भर दुपारी येणारे ऊन थेट तुकड्यावर पडत असेल, तर मोजमाप करण्यात अर्थ नाही.

रोधकतेवरून अणूंची संख्या

वाहकांची संख्या काढण्यासाठी एक भागिले (इलेक्ट्रॉनचा प्रभार × रोधकता × मोबिलिटी) एवढेच करायचे असते, प्रभार १.६०२ × १०^-१९ कुलोम. अडचण एवढीच, की मोबिलिटी स्वतः डोपिंगवर अवलंबून असते. म्हणून आधी हलक्या डोपिंगची किंमत घ्यावी, संख्या काढावी, त्या संख्येला साजेशी मोबिलिटी आलेखातून वाचावी आणि पुन्हा गणित करावे. दुसऱ्या फेरीतच उत्तर स्थिरावते. आपला तुकडा पी-प्रकारचा ठरला असेल, तर होलची मोबिलिटी ४५० धरून ९.२ × १०^१५ येते. त्या डोपिंगला मोबिलिटी ४३० च्या आसपास असते, ती घातली की ९.७ × १०^१५, म्हणजे व्यवहारात १०^१६.

हाच १.५० ओहम-सेंमीचा तुकडा एन-प्रकारचा असता, तर इलेक्ट्रॉनांची मोबिलिटी १३०० धरून उत्तर सुमारे ३.२ × १०^१५ आले असते. एकच रोधकता आणि डोपिंगमध्ये तिपटीचा फरक; म्हणून गरम टोकाची चाचणी आधी, चार टोकांची नंतर. डोपिंग जड असेल तर आलेख पाहण्याचा कंटाळा अजिबात करू नये, कारण १०^१८ च्या सुमारास इलेक्ट्रॉनांची मोबिलिटी १४०० वरून ३०० च्याही खाली आलेली असते. अशुद्धीचे आयनच वाहकांना ठेचकाळायला लावतात.

फर्मी पातळी (जेथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता निम्मी असते ती ऊर्जा) हवी असेल तर तीही येथूनच मिळते. वाहक १०^१६ आणि शुद्ध सिलिकॉनचे १०^१०, यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम १३.८, त्याला ०.०२५८५ ने गुणले की ०.३५७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पी-प्रकारात फर्मी पातळी बँड गॅपच्या मध्यापासून तेवढी खाली, संयुजा पट्ट्याकडे सरकलेली असते.

पारा चढल्यावर काय होते

आता एप्रिलकडे येऊ. तीच चकती, तोच संच, खोली ४० अंशांवर. या वेळी रोधकता सुमारे १.७० ओहम-सेंमी येईल. ‘अर्धवाहक तापवला की त्याचा रोध कमी होतो’ हे वाक्य दहावीपासून पाठ असलेल्या विद्यार्थ्याला येथे धक्का बसतो, आणि तो बसलाच पाहिजे. ते वाक्य शुद्ध अर्धवाहकाचे आहे. डोप केलेल्या सिलिकॉनमध्ये या तापमानांना वाहकांची संख्या अशुद्धीने ठरवून टाकलेली असते. ती वाढत नाही. वाढते ते स्फटिकातील अणूंचे कंपन, आणि त्यामुळे मोबिलिटी घटते. खोलीच्या तापमानाच्या आसपास ही घट रोधकतेत दर अंशाला साधारण ०.७ ते ०.८ टक्क्यांची वाढ म्हणून दिसते. १७ अंशांच्या फरकाला ०.७५ टक्क्यांच्या हिशेबाने १२.७५ टक्के होतात, १.७० ला १.१२७५ ने भागले की पुन्हा १.५१ मिळते. ही दुरुस्ती न करता गणित पुढे नेले, तर होल ९.७ × १०^१५ ऐवजी ८.५ × १०^१५ भरतात. बोरॉनचे अणू उन्हाने कमी होत नसतात. म्हणून सर्व वाचने २३ अंशांवर आणून मगच एकमेकांशी ताडून पाहावीत.

याच उन्हात वेगळी एक संख्या मात्र झपाट्याने वाढत असते. शुद्ध सिलिकॉनमधील वाहकांची संख्या २७ अंशांवरून ४३ अंशांवर जाताना सुमारे साडेतीन पट होते. पी-प्रकारच्या आपल्या तुकड्यात होल १०^१६ च राहतात. पण होल व इलेक्ट्रॉन यांच्या संख्यांचा गुणाकार शुद्ध सिलिकॉनमधील संख्येच्या वर्गाइतका असावा लागतो, त्यामुळे अल्पसंख्य इलेक्ट्रॉन १०^४ वरून सुमारे १.२ × १०^५ होतात, म्हणजे बारा पट. चार टोकांच्या संचाला त्यांचा पत्ताही लागत नाही. डायोड आणि सोलर सेल यांचे काम मात्र याच अल्पसंख्य वाहकांवर चालते, म्हणून उन्हाळ्याचा फटका त्यांना बसतो.

तर मग सिलिकॉनचा रोध तापल्यावर खरोखर कमी कधी होतो? डोपिंग १०^१५ असेल तर शुद्ध वाहकांची संख्या त्याला गाठते ती २७५ अंशांच्या सुमारास. चार टोकांनी बँड गॅप काढण्याच्या महाविद्यालयीन संचाची भट्टी सहसा तेथवर जात नाही. त्या संचाबरोबर सिलिकॉन न देता जर्मेनियमचा स्फटिक देतात, ते याच कारणाने: जर्मेनियमचा बँड गॅप सुमारे ०.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे त्याच्यात उष्णतेने निर्माण होणारे वाहक भट्टीच्या आवाक्यातल्या तापमानालाच अशुद्धीवर मात करतात, रोध उतरू लागतो आणि रोधाच्या लॉगरिदमचा आलेख केल्विन तापमानाच्या व्यस्ताशी सरळ रेषेत येतो. बँड गॅप काढताना त्या सरळ भागाचाच उतार घ्यावा. सुरुवातीचा वाकलेला किंवा उलट चढणारा भाग ‘चुकीची वाचने’ म्हणून खोडून टाकण्याची पद्धत आहे. ती वाचने चुकीची नसतात, तो डोपिंगचा प्रदेश असतो, आणि तसे वहीत लिहिणाऱ्याला जादा गुण द्यायला हवेत.

हॉल परिणामाचा (चुंबकीय क्षेत्रात धारेला आडवा विद्युतदाब निर्माण होण्याचा) संच असेल तर प्रकार व संख्या दोन्ही एकदम मिळतात, पण सिलिकॉनच्या चकतीवर संकेत फारच बारीक असतो: १०^१६ डोपिंग, १ मिलिअँपिअर धारा आणि अर्धा टेस्ला क्षेत्र असताना जेमतेम ०.६ मिलिव्होल्ट. टोके समोरासमोर नसल्याने येणारी चूक याहून मोठी असू शकते, म्हणून क्षेत्र उलटे करून दोन वाचनांच्या वजाबाकीचे निम्मे घ्यावे.

ही अशुद्धी मिसळतात कशी

मोजलेला आकडा कारखान्यात कसा साधतात, हे गणिताने पाहण्याजोगे आहे. चोक्राल्स्की पद्धतीत १४१४ अंशांना वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक हळूहळू वर ओढला जातो, आणि बोरॉन वितळलेल्या द्रवातच घातलेला असतो. घट्ट होणारा स्फटिक द्रवातील बोरॉनचा सुमारे ०.८ वाटा स्वतःत घेतो. म्हणून स्फटिकात १०^१६ हवे असतील तर द्रवात १.२५ × १०^१६ लागतात. १०० किलो वितळलेल्या सिलिकॉनचे घनफळ सुमारे ३९,५०० घन सेंमी. गुणाकार करून अणूंचे वजनात रूपांतर केले, की बोरॉन लागतो सुमारे ९ मिलिग्रॅम. एवढीशी पूड शंभर किलोच्या भट्टीत बिनचूक तोलून टाकणे अवघड, म्हणून आधीच जड डोपिंग केलेल्या सिलिकॉनचे तुकडे मोजून टाकतात. फॉस्फरसचा वाटा फक्त ०.३५ असल्यामुळे तो द्रवात मागे साचत जातो आणि एकाच स्फटिकाच्या वरच्या व खालच्या टोकाकडील चकत्यांची रोधकता बरीच वेगळी निघते. एकाच डब्यातील दोन चकत्या जुळल्या नाहीत तर हीही शक्यता ध्यानात ठेवावी.

मुळात सिलिकॉन पुरेसे स्वच्छ असल्याखेरीज या हिशेबाला अर्थ नसतो. ९९.९९९९९९९ टक्के, म्हणजे नऊ वेळा नऊ इतक्या शुद्धतेलाही परके अणू ५ × १०^१३ उरतात. लोह किंवा सोने यांसारख्या धातूंचे अणू बँड गॅपच्या मध्याजवळ पातळ्या निर्माण करून वाहकांचे आयुष्य कमी करतात. वेगाने बंद व्हावेत अशा काही डायोडांत सोने मुद्दाम मिसळण्याची रीत होती, पण सोलर सेलमध्ये ते विषच. चकती तयार झाल्यावर तिच्या वरच्या थरात उलट प्रकारची अशुद्धी घालण्याचे काम आठशे-नऊशे अंशांच्या नळभट्टीत फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडच्या वाफेने, किंवा आयनांचा मारा करून व नंतर चकती तापवून केले जाते. दोन्ही गोष्टी महाविद्यालयात करून पाहण्याच्या नाहीत. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड अत्यंत विषारी आहे.

चकती नसेल तर

ज्यांच्याकडे चकती नाही, त्यांना अल्पसंख्य वाहकांचा प्रताप १एन४००७ या साध्या डायोडवर पाहता येतो. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावला की तो सुमारे १ मिलिअँपिअर धारा सोडून डायोडवरील विद्युतदाब दाखवतो. सकाळी सावलीत ०.५८ व्होल्टच्या आसपास वाचन आले असेल, तर तोच डायोड दुपारी तापलेल्या पत्र्यावर थर्मामीटरशेजारी ठेवून पुन्हा मोजावा. दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट या दराने, तीस अंशांच्या वाढीला ०.५२ च्या जवळपास आकडा दिसला पाहिजे. डायोड उन्हात नुसता मोकळा धरू नये; पत्र्याशी त्याचा स्पर्श राहील असे चिकटपट्टीने बसवावे, आणि वाचन स्थिर होईपर्यंत थांबावे.

हाच उतार छपरावरील सोलर पॅनेललाही लागू होतो. पॅनेलमागच्या लेबलवरची शक्ती सेलचे तापमान २५ अंश धरून लिहिलेली असते, आणि त्याच तक्त्यात दर अंशाला होणारी घट दिलेली असते. अनेक पॅनेलांत ती ०.३० ते ०.४० टक्क्यांच्या दरम्यान आढळते. मे महिन्यात होटगी रस्त्यावरील एखाद्या गच्चीवर सेल ६५ अंशांना पोचला आणि घट ०.३५ टक्के असेल, तर ४० अंशांना १४ टक्के जातात आणि ५४० वॉटच्या पॅनेलमधून, ऊन पुरते प्रखर असतानाही, सुमारे ४६४ वॉटच अपेक्षित धरावेत. पॅनेल छतापासून वीतभर उंच बसवून खालून वारा खेळू दिला तर सेलचे तापमान काही अंशांनी उतरते, आणि जेवढे अंश उतरतील त्याला ०.३५ ने गुणले की मिळालेले टक्के कळतात.